विजेवर चालणारी व्हॅन : खर्च आणि उपयुक्तता यांचा एक अभ्यास



वार्षिक अहवालात जमाखर्चाच्या पत्रकांबरोबरच रुग्णालयाच्या कामाशी निगडित अशा एखाद्या विषयाचा अभ्यास मांडला जावा, अशी अपेक्षा अनेक हितचिंतक व्यक्त करीत असतात. यंदा या पानांसाठी विषय शोधण्याची गरज पडली नाही. पिंपळगाव रेणुकाई आणि पंचक्रोशीतील अनेकांनी आम्हांस एकच प्रश्न विचारला, ‘रुग्णालयासाठी आता विजेवर चालणारी व्हॅन का घेत नाही?’ काही सद्गृहस्थांनी त्यासाठी देणगी देण्याची तयारीही दर्शविली. त्यांच्या सद्भावनेबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. परंतु सद्भावनेने दिलेल्या पैशाचा हिशेब अधिक काटेकोरपणे करावा लागतो, हेही तितकेच खरे आहे.

या वाहनांविषयी गावात दोन प्रकारची मते ऐकू येतात. एक मत असे, की विजेची गाडी जवळजवळ फुकटात धावते. दुसरे असे, की ती केव्हा आडरानात बंद पडेल याचा भरवसा नाही. दोन्ही मते अनुभवापेक्षा ऐकीव माहितीवर अधिक उभी आहेत. ती बाजूस ठेवून, आपल्या गावाच्या आणि आपल्या कामाच्या संदर्भात हा प्रश्न कसा सोडवावा, याची रीत या लेखात मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

गरज नेमकी कोणती?

कोणतेही वाहन घेण्यापूर्वी ते कोणत्या कामासाठी हवे, हे ठरवावे लागते. आपले गाव भोकरदन तालुक्यात, जालना जिल्ह्याच्या उत्तर टोकाकडे वसलेले आहे. जवळच बुलढाणा जिल्ह्याची हद्द सुरू होते. मिरचीच्या बाजारपेठेमुळे हंगामात गावात मालवाहू गाड्यांची वर्दळ असते. मात्र शेतवस्तीवरच्या वृद्धास डोळे तपासायला यायचे असेल, तर त्याच्या दाराशी वाहन नसते.

रुग्णालयाच्या गाडीला दोन अगदी वेगळ्या प्रकारची कामे करावी लागतात. पहिले काम दिवसाचे आणि ठरलेले आहे. शिबिरातील मोतीबिंदूच्या रुग्णांना ने-आण करणे, गरोदर भगिनींना तपासणीसाठी आणून परत सोडणे, परिचारिकांना गावोगावच्या फेरीवर नेणे, रक्ताचे नमुने प्रयोगशाळेत पोहोचविणे ही कामे आदल्या दिवशी ठाऊक असतात. रस्ता ठरलेला असतो आणि गाडी संध्याकाळी रुग्णालयाच्या आवारात परत येते.

दुसरे काम अवेळी येते. मध्यरात्री प्रसूतीत गुंतागुंत झाली, सर्पदंशाचा रुग्ण आला, अपघात झाला, तर रुग्णास पुढे हलवावे लागते. कधी जालन्यास, कधी छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात, तर कधी बुलढाण्यास. जालन्यात ९ ऑक्टोबर २०२४ रोजी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन झाल्याने एक नवा आधार निर्माण झाला आहे. तरीही ही अंतरे लांबची आहेत. मोठ्या रुग्णालयाचे एकेरी अंतरच आपल्या दिवसभराच्या फेरीला गाठू शकते.

राज्यात २६ जानेवारी २०१४ पासून ९३७ रुग्णवाहिकांसह १०८ क्रमांकाची आपत्कालीन सेवा सुरू झाली. माता व नवजात बालकांसाठी १०२ क्रमांकाची सेवाही आहे. या सेवांमुळे धर्मादाय रुग्णालयांवरील भार हलका झाला. तरीसुद्धा रुग्णालयाचे स्वतःचे वाहन हा अखेरचा आधार असतो. एका पावसाळ्यात आमची गाडी दुरुस्तीसाठी गेलेली असताना कळा सुरू झालेल्या एका भगिनीला मिरचीच्या पिकअपमध्ये गोणपाटावर निजवून पुढे न्यावे लागले. आई आणि बाळ दोघेही सुखरूप राहिले, हे दैव. पण त्या रात्री चालकाशेजारी बसलेल्या त्यांच्या सासूबाईंनी परत आल्यावर एवढेच विचारले, ‘दवाखान्याची गाडी हाय ना वो, मग कुठं व्हती?’ या प्रश्नाचे उत्तर आमच्याजवळ नव्हते. वाहनाविषयीचा कोणताही हिशेब मांडताना तो प्रश्न आम्ही समोर ठेवतो.

बाजारात काय मिळते?

विजेवरील व्हॅन ही अगदी आजची कल्पना नव्हे. महिंद्रा कंपनीने इ-सुप्रो ही विद्युत व्हॅन ऑक्टोबर २०१६ मध्ये माल आणि प्रवासी अशा दोन्ही रूपांत बाजारात आणली होती. टाटा कंपनीने एस या छोट्या मालवाहू गाडीचा विद्युत अवतार मे २०२२ मध्ये सादर केला आणि जानेवारी २०२३ पासून तो ग्राहकांच्या हाती पडू लागला. त्या वेळी त्याची किंमत ९ लाख ९९ हजार रुपयांपासून सुरू होत होती. बॅटरी २१.३ युनिटांची आणि प्रमाणित पल्ला १५४ किलोमीटर. त्यानंतर अशा छोट्या मालवाहू विद्युत गाड्या अनेक कंपन्यांनी आणल्या.

येथे एक गोष्ट देणगीदारांनी आवर्जून ध्यानात घ्यावी. स्वस्त आणि सहज मिळणाऱ्या विद्युत व्हॅन बहुतांशी मालवाहू आहेत. मालवाहू गाडी घेऊन गावातल्या कारागिराकडून तिच्यात बाकडी बसवून घेऊ, ही सूचना आम्हांस एकाहून अधिक वेळा आली. ती स्वीकारता येत नाही. मालवाहू म्हणून नोंदलेल्या गाडीतून रुग्णांची ने-आण करणे कायद्यास धरून नाही आणि दुर्दैवाने अपघात घडल्यास विम्याची भरपाईही धोक्यात येते. रुग्णवाहिकांसाठी देशात एआयएस-१२५ हे मानक आहे. त्यात रुग्णवाहिकांचे चार प्रकार केले आहेत : प्रथम प्रतिसादाचे वाहन, रुग्णांची साधी ने-आण करणारे वाहन, प्राथमिक जीवरक्षक सुविधांची रुग्णवाहिका आणि प्रगत जीवरक्षक सुविधांची रुग्णवाहिका. आपल्या दिवसाच्या कामाला यांतील दुसरा प्रकार, म्हणजे साध्या ने-आणीचे वाहन, पुरेसे आहे. पण ते मूळचेच माणसांसाठी मान्यता मिळालेले असावयास हवे. म्हणून तुलना करताना मालवाहू गाडीची किंमत धरून चालत नाही. प्रवासी गाडीचीच धरावी लागते आणि ती बरीच अधिक असते.

किंमत आणि बचत : एक उदाहरण

आता हिशेबाकडे वळू. पुढील आकडे हे कोणत्याही एका कंपनीचे दरपत्रक नव्हेत. हिशेबाची रीत समजावी म्हणून आम्ही ते धरले आहेत. वाचकांनी त्या त्या दिवसाचे भाव घालून हाच हिशेब स्वतः करून पाहावा.

समजा, पेट्रोलवर चालणारी प्रवासी व्हॅन सर्व खर्चासह ८ लाख रुपयांस पडते आणि तेवढ्याच उपयोगाची विद्युत व्हॅन १३ लाख ५० हजारांस. विद्युत व्हॅनसाठी आवारात स्वतंत्र वायरिंग, अर्थिंग, मीटर आणि छप्पर यांचा खर्च ५० हजार धरू. म्हणजे विद्युत व्हॅनसाठी सुरुवातीलाच ६ लाख रुपये अधिक मोजावे लागतात.

पेट्रोलचा भाव १०५ रुपये आणि आपल्या रस्त्यांवर भरल्या गाडीला लिटरमागे १४ किलोमीटर धरले, तर एका किलोमीटरला साडेसात रुपये इंधनखर्च येतो. विद्युत व्हॅन मीटरवरच्या एका युनिटमागे ५ किलोमीटर जाते आणि युनिटला १० रुपये पडतात असे धरले, तर किलोमीटरला २ रुपये. देखभालीचा खर्च पेट्रोल गाडीस किलोमीटरला १ रुपया आणि विद्युत गाडीस ५० पैसे धरू, कारण विद्युत गाडीत इंजिन ऑइल, फिल्टर, क्लच यांचा खर्च नसतो. चालकाचे वेतन दोन्हीकडे सारखेच. टायर आणि विमा यांतही फार मोठा फरक पडत नाही, म्हणून ते येथे वगळले आहेत.

एकूण पेट्रोल व्हॅनला किलोमीटरमागे साडेआठ रुपये आणि विद्युत व्हॅनला अडीच रुपये. फरक ६ रुपयांचा. सुरुवातीचे जादा ६ लाख रुपये भरून निघण्यास गाडीने १ लाख किलोमीटर धावले पाहिजे.

येथपर्यंतचा हिशेब कोणीही विक्रेता सांगतो. पुढचा प्रश्न मात्र आपल्यालाच विचारावा लागतो : एक लाख किलोमीटर होण्यास आपल्या गाडीला किती वर्षे लागतील? वर्षाचे ३०० दिवस, रोज ४० किलोमीटर गाडी चालली, तर वर्षाला १२ हजार किलोमीटर होतात आणि ७२ हजार रुपये वाचतात. या गतीने ६ लाख भरून निघण्यास आठ वर्षांहून अधिक काळ लागेल. तीच गाडी रोज ८० किलोमीटर चालली, तर वर्षाला २४ हजार किलोमीटर, बचत १ लाख ४४ हजार आणि सव्वाचार वर्षांत पैसे वसूल.

विश्वस्त संस्थेने याच्याही पुढे एक पायरी जावयास हवे. ते जादा ६ लाख रुपये बँकेत मुदत ठेवीत ७ टक्क्यांनी ठेवले असते, तर पहिल्याच वर्षी ४२ हजार रुपये व्याज आले असते आणि त्यातून गरीब रुग्णांची औषधे घेता आली असती. हे बुडालेले व्याज हिशेबात धरले आणि दरवर्षीची बचत मुद्दलात परत जमा करीत गेलो, तर रोज ८० किलोमीटर धावणारी गाडी सुमारे पाच वर्षांत पैसे फेडते. रोज ४० किलोमीटर धावणाऱ्या गाडीला मात्र सुमारे तेरा वर्षे लागतात. तोपर्यंत गाडीचे आणि बॅटरीचेही आयुष्य सरत आलेले असेल.

म्हणजे गाडी तीच, वीज तीच, देणगीही तीच. एका ठिकाणी व्यवहार फायद्याचा ठरतो आणि दुसऱ्या ठिकाणी तोट्याचा. विद्युत वाहनाची किंमत आपण एकदम भरतो आणि तिची बचत किलोमीटर-किलोमीटरने परत येते. दारात उभी असलेली विद्युत गाडी काहीही वाचवीत नाही. या अभ्यासातून आम्ही शिकलेला मुख्य धडा हाच आहे.

वीज कोठून घ्यावयाची?

वरील हिशेबात युनिटचा भाव १० रुपये धरला, तो रुग्णालयाच्या आवारात गाडी भारित केल्यास. रस्त्यावरील खाजगी केंद्रावर जलद भारण करून घेतले आणि तेथे युनिटला २० रुपये पडले, तर किलोमीटरचा वीजखर्च दुप्पट होतो. मग बचत ६ रुपयांवरून ४ रुपयांवर येते आणि पैसे फिटण्यास १ लाखाऐवजी दीड लाख किलोमीटर धावावे लागते. वीज गेलेली असताना रुग्णालयाच्या जनरेटरवर गाडी भारित करणे तर मुळीच परवडणारे नाही. एका लिटर डिझेलमधून सुमारे तीन युनिट वीज मिळते असे धरले आणि डिझेलचा भाव ९३ रुपये घेतला, तर युनिटला ३१ रुपये पडतात. म्हणजे किलोमीटरला सहा रुपयांहून अधिक. पेट्रोल सोडून डिझेल जाळल्यासारखेच ते होईल.

सुदैवाने ठरलेल्या फेऱ्यांच्या गाडीला रात्रभर वेळ असतो. १५ अँपिअरच्या साध्या सॉकेटमधून तासाला सुमारे ३ युनिट वीज मिळते. ८० किलोमीटरच्या फेरीला १६ युनिट लागतात, म्हणजे साधारण साडेपाच तास. रात्री दहाला जोडलेली गाडी पहाटे तयार असते. मध्ये दोन तास वीज गेली तरी अडचण येत नाही. मात्र सलग दोन रात्री रोहित्र जळून अंधार झाला, तर तिसऱ्या दिवशीची फेरी बंद राहील, हे गृहीत धरूनच नियोजन करावे लागेल. पावसाळ्यात हा अनुभव आपल्या भागाला नवा नाही.

भारणाची वायर शस्त्रक्रिया विभाग, प्राणवायूची यंत्रे आणि लसींचे शीतपेटीगृह यांच्या मंडलापासून पूर्णपणे अलग असली पाहिजे. चांगले अर्थिंग आणि गळती होताच वीज तोडणारे उपकरण यांत काटकसर करू नये. गाडीपूर्वी हे काम पूर्ण व्हावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

छतावरील सौरऊर्जेचा विचार अनेकजण सुचवितात. आपल्याकडे एक किलोवॅट क्षमतेची सौर तावदाने सरासरी दिवसाला सुमारे चार युनिट वीज देतात. म्हणजे १६ युनिटांसाठी चार किलोवॅटची तावदाने पुरतील. पण ऊन असते तेव्हा गाडी फेरीवर असते आणि गाडी घरी येते तेव्हा सूर्य मावळलेला असतो. म्हणून दिवसा तयार झालेली वीज वीज कंपनीच्या जाळ्यात देऊन तिची वजावट घेण्याची व्यवस्था, म्हणजे नेट मीटरिंग, असल्यावाचून हा मेळ बसत नाही.

प्रदूषणाबाबतही अतिशयोक्ती नको. आपल्याकडची वीज अजून मोठ्या प्रमाणावर कोळशापासून तयार होते आणि एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कर्बवायू हवेत जातो. १६ युनिटांमागे तो ११ किलो होतो. तेवढ्याच अंतरासाठी पावणेसहा लिटर पेट्रोल जाळल्यास सुमारे १३ किलो होतो. फरक आहे, पण फार मोठा नाही. तावदाने बसविली तर तो खऱ्या अर्थाने मोठा होईल. मात्र प्रसूती विभागाच्या खिडकीखाली गाडीचा धूर आणि घरघर नसणे, हा लाभ पहिल्या दिवसापासून मिळेल.

पल्ला कसा मोजावा?

जाहिरातीत छापलेला पल्ला हा ठरावीक चाचणी पद्धतीनुसार, प्रमाणित परिस्थितीत मोजलेला असतो. पुण्याची एआरएआय ही संस्था अशा चाचण्या करते. त्या आकड्याचा उपयोग दोन गाड्यांची तुलना करण्यासाठी आहे. आपला रस्ता, आपले खड्डे, भरलेली गाडी आणि मे महिन्यात चालू ठेवावी लागणारी वातानुकूलन यंत्रणा त्या चाचणीत नसते.

उदाहरणासाठी वर उल्लेखिलेली २१.३ युनिटांची बॅटरी घेऊ. बॅटरीतील एका युनिटमागे साडेपाच किलोमीटर धरले, तर प्रत्यक्ष पल्ला सुमारे ११७ किलोमीटर येतो. रुग्णालयाच्या गाडीने संपूर्ण बॅटरी संपवून परतणे योग्य नव्हे. वाटेत रुग्णाची प्रकृती बिघडली, रस्ता बंद असल्याने वळसा पडला, तर काही शिल्लक हवी. तीस टक्के शिल्लक राखली की ८२ किलोमीटर उरतात. दिवसाची ८० किलोमीटरची फेरी यात बसते.

पण बॅटरी वर्षागणिक थोडी थोडी क्षीण होते. तिची क्षमता ८० टक्क्यांवर आली, की ११७ किलोमीटरचे ९४ होतील आणि शिल्लक वजा जाता ६६ उरतील. मग ८० किलोमीटरच्या फेरीसाठी दुपारी जेवणाच्या सुटीत तासभर गाडी जोडावी लागेल. एका तासात सुमारे १५ किलोमीटरची भर पडते, तेवढी पुरेल. म्हणून गाडी निवडताना पहिल्या वर्षाचा पल्ला पाहू नये. सातव्या-आठव्या वर्षाचा पल्ला आपल्या कामाला पुरतो काय, ते पाहावे. बॅटरीच्या हमीपत्रात किती वर्षे, किती किलोमीटर आणि किती टक्के क्षमतेपर्यंत हमी आहे, या तिन्ही गोष्टी लेखी असाव्यात. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात बॅटरीला उष्णतेचा त्रास अधिक होतो. गाडी सावलीत उभी करणे आणि लांबच्या फेरीवरून आल्याबरोबर न जोडता थोडी निवू देणे, या साध्या सवयींनी तिचे आयुष्य वाढते.

पावसाळ्याविषयीही चिंता व्यक्त होते. चांगल्या प्रतीच्या बॅटऱ्यांचे आवरण पाण्यापासून संरक्षण देणारे असते. त्यामुळे पावसाची भीती बाळगण्याचे कारण नाही. मात्र फरशी पुलावरून पाणी वाहत असताना कोणतीही गाडी, मग ती पेट्रोलची असो वा विजेची, घालू नये. काळ्या मातीच्या पाणंदीत गाडी रुतू नये यासाठी तिची जमिनीपासूनची उंची मात्र पाहून घ्यावी.

दुरुस्ती हा अधिक गंभीर मुद्दा आहे. गावातील मिस्त्री ब्रेक, टायर, दिवे पाहू शकतात. उच्च दाबाच्या विद्युत यंत्रणेला हात लावण्याचे प्रशिक्षण त्यांना नाही आणि त्यांनी तो लावूही नये. गाडी बिघडली तर ती जालना किंवा छत्रपती संभाजीनगर येथे न्यावी लागेल. ती किती दिवसांत परत मिळेल आणि तोवर दुसरी गाडी मिळेल काय, हे खरेदीपूर्वी लेखी घेतले पाहिजे. या क्षेत्रात मॉडेल झपाट्याने बदलतात. वर उल्लेखिलेली इ-सुप्रो आज नव्याने मिळत नाही. म्हणून सुटे भाग किती वर्षे पुरविले जातील, हेही विचारावे.

शासकीय सवलती

विद्युत वाहनांवरील वस्तू व सेवा कर १ ऑगस्ट २०१९ पासून ५ टक्के करण्यात आला. लहान पेट्रोल गाड्यांवरील कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आल्याने विद्युत गाडीचा या बाबतीतील फायदा काहीसा कमी झाला आहे. महाराष्ट्र शासनाच्या २०२५ च्या विद्युत वाहन धोरणाची मुदत ३१ मार्च २०३० पर्यंत असून त्यात मोटार वाहन करात माफी आहे. केंद्र शासनाच्या १ ऑक्टोबर २०२४ पासून सुरू झालेल्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत विद्युत रुग्णवाहिकांसाठी ५०० कोटी रुपयांची तरतूद ठेवण्यात आली.

या सवलतींचा लाभ घेण्याचा प्रयत्न अवश्य करावा. तथापि, हाती न पडलेले अनुदान आम्ही कोणत्याही हिशेबात जमेस धरलेले नाही. अनुदान मिळाले तर ती रक्कम बॅटरीच्या राखीव निधीत जावी.

एस.टी.चा धडा

या प्रश्नावर विचार करताना आम्हांस एस.टी.चे उदाहरण उपयोगी वाटले. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर या मार्गावर एस.टी.ची पहिली बस धावली. १ जून २०२२ रोजी त्याच मार्गावर, आजच्या अहिल्यानगरपर्यंत, ‘शिवाई’ ही विद्युत बस सुरू झाली. मार्ग ठरलेला, अंतर ठाऊक आणि दोन्ही टोकांना भारणाची सोय. महामंडळाने विद्युत बस वाढविताना त्या सरसकट विकत घेण्याऐवजी किलोमीटरमागे भाडे देऊन चालविण्याचाही मार्ग अवलंबिला.

यातून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. ज्या फेरीचे अंतर आणि वेळ आधी ठाऊक आहे, तेथे वीज आधी आणावी. आणि शक्य असेल तर गाडी विकत घेण्यापूर्वी काही महिने भाड्याने चालवून पाहावी.

आमची एक उणीव

हा अभ्यास लिहावयास घेतला तेव्हा आम्ही रुग्णालयाच्या गाडीची नोंदवही काढली. तिच्यात इंधनाच्या पावत्या व्यवस्थित चिकटविलेल्या होत्या. त्यावर सह्या होत्या. पण गाडी कोणत्या दिवशी किती किलोमीटर गेली, दिवसा गेली की रात्री, फेरी ठरलेली होती की अचानकची, याच्या नोंदी अपुऱ्या होत्या. किती रुपये खर्च झाले, हे आम्ही सांगू शकत होतो. त्या रुपयांत किती रस्ता कापला आणि कोणासाठी, हे सांगू शकत नव्हतो. ज्या एका आकड्यावर सगळा निर्णय अवलंबून आहे, तोच आमच्याजवळ नव्हता. ही उणीव देणगीदारांपासून लपविण्याचे कारण नाही.

आता नव्या नोंदवहीत प्रत्येक फेरीसाठी सुटतानाचा आणि परततानाचा किलोमीटर आकडा, वेळ, गाव, रुग्णांची संख्या आणि फेरीचा प्रकार लिहिला जात आहे. त्यात उन्हाळा, पावसाळा आणि मिरचीचा हंगाम हे तिन्ही येतील, तेव्हाच चित्र पूर्ण होईल.

आमची शिफारस

विश्वस्त मंडळापुढे आम्ही पुढील विचार ठेवीत आहोत.

१. रात्रीच्या आणि आपत्कालीन कामासाठी सध्याची डिझेल गाडी कायम ठेवावी. तिच्या दुरुस्तीचा निधी नव्या गाडीसाठी वळवू नये.

२. दिवसाच्या ठरलेल्या फेऱ्यांसाठी विद्युत व्हॅन घ्यावी, मात्र वर्षभराच्या नोंदीत या फेऱ्यांची सरासरी रोज ७० ते ८० किलोमीटर भरत असेल तरच. ती कमी भरली, तर जवळच्या एखाद्या समविचारी संस्थेबरोबर गाडी सामाईक वापरता येते काय, हे पाहावे.

३. गाडी मूळचीच माणसांच्या वाहतुकीसाठी मान्यताप्राप्त असावी.

४. स्वतंत्र वायरिंग, अर्थिंग आणि छप्पर यांचे काम गाडीपूर्वी व्हावे.

५. इंधनखर्चात होणाऱ्या बचतीतील ठरावीक वाटा दरवर्षी बॅटरीच्या राखीव निधीत जमा करावा, म्हणजे पुढच्या विश्वस्तांवर एकदम मोठा भार पडणार नाही.

ज्यांनी गाडीसाठी देणगी देऊ केली आहे, त्यांना आमची नम्र विनंती आहे की त्यांनी थोडा धीर धरावा. त्यांचा संकल्प आम्ही आदराने नोंदवून ठेवला आहे. नोंदवहीने अनुकूल उत्तर दिले, तर त्यांच्याकडे आम्ही स्वतः येऊ. प्रतिकूल उत्तर दिले, तर तेही पुढील अहवालात तितक्याच स्पष्टपणे छापू.

आणखी एक निवेदन करावेसे वाटते. वाहन देणाऱ्याचे नाव गाडीच्या दारावर रंगविले जाते, ते योग्यच आहे. पण गाडी चालती ठेवणाऱ्याचे नाव कोठेच लिहिले जात नाही. वरील हिशेबाने ८० किलोमीटरच्या एका दिवसाच्या फेरीस पेट्रोलवर ६०० रुपये आणि विजेवर १६० रुपये लागतात. उद्या विद्युत व्हॅन आली, तर एका दिवसाची फेरी इतक्या अल्प रकमेत एखाद्या सामान्य कुटुंबालाही आपल्या आई-वडिलांच्या स्मरणार्थ देता येईल. त्या दिवशी डोळे तपासून घरी परतलेल्या आजोबांच्या पुण्याचा वाटा त्या कुटुंबाचा असेल.

त्या पावसाळी रात्री विचारलेला प्रश्न आम्ही विसरलेलो नाही. नवी गाडी कोणतीही असो, रुग्णालयाची गाडी कुठे आहे असे कोणी विचारले, तर ती दाराशी उभी आहे आणि निघायला तयार आहे, असे उत्तर देता यावे, एवढ्यासाठीच हा सारा हिशेब. आपल्या सूचना आम्हांस अवश्य कळवाव्यात.